दीड पुरुष पाण्याची खोली

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्रातील प्राणिप्लवकांमागे तीस वर्षे घालवलेला रत्नागिरीचा माणूस मार्चअखेरच्या उन्हात तिकडे कशासाठी गेला, असे परतल्यापासून अनेकांनी विचारले. ‘तलाव पाहायला’ असे सांगून मी विषय बदलत आलो. ते उत्तर खोटे नाही, परंतु पुरेसेही नाही; आणि अपुरी उत्तरे देण्याची माझी सवय या प्रवासात मला इतकी नडली, की आता सविस्तर लिहिणेच बरे.

प्राणिप्लवक म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जगणारे, खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही बारीक प्राणी. ते काय खातात आणि ऋतूनुसार त्यांचे खाणे कसे बदलते, हा माझा विषय. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तळाचे सकस पाणी वर येते, सूक्ष्म शेवाळ फोफावते आणि हे प्राणी त्यावर ताव मारतात. पुढे शेवाळ विरळ झाले की तेच प्राणी कुजका गाळ, स्वतःहून बारीक जीव, मिळेल ते खाऊन दिवस काढतात. त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, आणि मोठ्यांना आपण.

बारा वर्षांपूर्वी एका व्याख्यानासाठी नागपूरला गेलो असता यजमानांनी मला जीपमधून सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावी नेले आणि तिथले मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळचे दोन तलाव दाखवले. एक वर, एक खाली. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरते. भर दुपारी खालच्या तलावाच्या मध्यभागी मी एकदाच जाळी ओढली. जवळजवळ काही मिळाले नाही. तेवढ्या एका ओढीवर मी परतून चार पाने लिहिली: पाणगवत काढून टाकावे, शेणखत घालावे, म्हणजे शेवाळ वाढेल, त्यावर प्राणिप्लवक वाढतील आणि त्यांवर मासे. समुद्राचे गणित जसेच्या तसे तलावात ओतले, पाने गावाला पाठवली आणि विसरून गेलो.

मार्चच्या मध्यास त्या गावचे शेतकरी पटलेजी यांचे पत्र आले. ‘आपल्या अहवालाप्रमाणे खालचा तलाव स्वच्छ केला. आता वरच्याचे काम धरले आहे. महिनाअखेरच्या सोमवारी यंत्र येणार, त्याआधी शनिवारी ग्रामसभा आहे. त्याच अर्थाचे एक सहीचे पत्र पाठवावे.’ मी फोन करून खालच्या तलावाची चौकशी केली. “मस्त हिरवा आहे, सर,” ते समाधानाने म्हणाले, “गवताची काडी नाही.”

त्या ‘मस्त हिरव्या’ने माझी झोप उडवली. उथळ तलाव उन्हाळ्यात असा हिरवा झाला, तर शेवाळ खाणारे तिथे कोणी उरले नाही, एवढे कळण्यापुरता विषय मला येतो. पत्र न पाठवता मी स्वतः निघालो.

गुरुवार. गोंदिया, सडक अर्जुनी, आणि शाल

माझ्या प्लवकजाळीच्या तोंडाला मीटरभर रुंदीचे लोखंडी कडे आहे. त्याची घडी होत नाही. बोटीवर ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गोंदियाच्या बस स्थानकावर मात्र त्याने गर्दी जमवली. स्टेशनबाहेर पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून देतात. आम्ही कोकणात पोह्यांवर ओले खोबरे पेरतो. त्या रश्श्याने डोळ्यांत आलेले पाणी पुसत, ते कडे खांद्याला अडकवून मी कंडक्टरसमोर उभा राहिलो.

“ये झूला है क्या, अंकल?”

पाण्यातील सूक्ष्म जीव पकडण्याची जाळी आहे, असे मी सांगितले. त्याने कापड चिमटीत धरून पाहिले. “इसमें तो मच्छर भी नहीं घुसेगा,” असा निर्णय देऊन त्याने कडे शेवटच्या आसनामागे उभे केले. प्रत्येक खड्ड्याला ते घरंगळत ड्रायव्हरपर्यंत येई आणि प्रवासी पायानेच ते मागे ढकलीत. तासाभराने मी उतरलो तेव्हा त्याचा आकार अंड्यासारखा झाला होता. किती पाणी गाळले याचा माझा सारा हिशेब कड्याच्या वर्तुळावर चालतो. म्हणजे प्रवासाच्या पहिल्याच दिवशी माझ्या शास्त्रातील एकमेव खात्रीची वस्तू निकामी झाली. कोणाला बोलणार? रागावण्याचीही मला धड सवय नाही; मी फक्त ते दोन्ही हातांनी दाबून पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने चेपले.

महामार्गावरच्या ढाब्यावर पटलेजी वाट पाहत होते. साठीचे, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले, पूर्वज माळव्यातून आल्याचे अभिमानाने सांगणारे सधन पोवार शेतकरी. मागे ट्रकांची रांग धडधडत असताना त्यांनी मला शाल पांघरली, नारळ दिला आणि पिशवीतून माझा अहवाल काढला. चारही पाने प्लास्टिकमध्ये मढवलेली होती.

“आपका काग़ज़ हम सँभाल के रखे हैं, सर. खालच्या तलावाचं काम निघालं तेव्हा लोकं ऐकत नव्हते. हे दाखवलं, मग चूप झाले.”

तिथेच बोलायला हवे होते. आलोच त्यासाठी होतो. परंतु आधी पुरावा गोळा करावा, मग बोलावे, असे मी स्वतःला समजावले. भित्र्या माणसाला पुराव्याची फार आवड असते. शाल खांद्यावर तशीच ठेवून मी लाखोरीच्या डाळीचे कौतुक केले आणि वर भात मागून घेतला.

माझा मुक्काम सुखरामभाऊंकडे होता. ते गावच्या ढिवरांच्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष. घर वरच्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. पटलेजींनी मला मोटारसायकलवरून तिथवर सोडले. कडे धरायला दुसरी सोय नसल्याने ते माझ्या गळ्यात होते. मोहाच्या झाडांखाली फुले वेचणाऱ्या बायका हात थांबवून आमच्याकडे पाहत होत्या.

वाटेत खालचा तलाव लागला. पाणी हिरव्या तेलरंगासारखे दाट, काठाला बेशरमाची झुडपे, आणि त्या सबंध पसाऱ्यावर एकही पक्षी नाही. “देखिये,” पटलेजी मान न वळवता म्हणाले, “काडी नाही.”

सुखरामभाऊंच्या अंगणात त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, पारबताबाई, जाळे विणत बसल्या होत्या. साठी उलटलेल्या. मला, माझ्या शालीला आणि कड्याला त्यांनी एकाच नजरेत मापले.

“तुमीज ते काय? कागदवाले?”

मी होकार दिला.

“आमी समजलो, कोनी मोठा मानूस असंन.”

सुखरामभाऊ ओशाळून हसले. पारबताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाणी आणून दिले, पाय धुवायला घंगाळे दाखवले आणि पुन्हा विणायला बसल्या. खालच्या तलावातले झिंगे आणि बारीक मासे टोपलीत घेऊन त्या वर्षानुवर्षे बाजाराला जात, हे मला सुखरामभाऊंकडून नंतर कळले. गवत काढल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात, एका पहाटे, तलावातले मासे तोंड वर करून श्वास घेऊ लागले आणि ऊन वर येईपर्यंत उलटे झाले. तेव्हापासून बाईंची टोपली वरच्या तलावावर भरते. आता तिथेही यंत्र येणार होते.

शुक्रवार. वरचा तलाव

वरचा तलाव पाहताच मनात आले, की मी बारा वर्षांपूर्वी जीपमधून उतरून इथवर चाललो असतो तरी पुष्कळ अनर्थ टळला असता. काठाला देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानधान, वाळून पिवळा पडलेला, त्यापुढे कमळे, मध्ये स्वच्छ पाणी, आणि त्याच्या तळापर्यंत हलणारे गवत. पाणी दीड पुरुष खोल असेल.

सुखरामभाऊंनी डोंगा काढला. मी सवयीप्रमाणे दुपारी बारा वाजता, मोकळ्या पाण्याच्या मध्यभागी जाळी सोडली. दोन हात जाण्याआधीच ती गवतात गुंतली. ओढली तर डोंगा कलला, सोडली तर ती चिखलात बसली. अखेर वर आली तेव्हा तिच्यात गाळ, गोगलगाई आणि एक जुनी चप्पल होती, आणि तिचे रेशमी कापड वीतभर फाटले होते. तीन वेळा हेच झाले. चौथ्या वेळी माझा चष्मा पाण्यात पडला. सुखरामभाऊंनी बुडी मारून तो काढला, आणि डोंग्याच्या काठाला धरून, केसांतून पाणी गळत असताना, फार सौम्यपणे विचारले, “सर, तुमचं जारं समुद्राचं हाय. इथं कायले टाकून राहिले?”

मी म्हणालो, नमुना मध्यभागीच घ्यायचा असतो.

“मंदात दिवसा काय भेटन? दिवसा सारे गवतात राहतेत. मासोरी बी, तिचं खानं बी.”

ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, हे कबूल केले पाहिजे. समुद्रात प्राणिप्लवक दिवसा खाली अंधारात उतरतात, म्हणजे माशांच्या नजरेस पडत नाहीत. सांजेला खाण्यासाठी वर येतात. समुद्राला तेवढी खोली आहे. दीड पुरुष पाण्यात खोली कुठून आणायची? इथे खोलीचे काम गवत करते. दिवसभर त्यात दडून राहायचे, सांजेला बाहेर पडून शेवाळ खायचे, असा इथला क्रम. थंडीत बारीक, कोवळे शेवाळ खाऊन ते पाणी स्वच्छ ठेवतात. उन्हाळ्यात शेवाळाचे चिकट गोळे होतात, ते गिळवत नाहीत, तेव्हा गवताच्या पानांवरचा बुळबुळीत थर आणि कुजके पान त्यांना तारते. मी खालच्या तलावातून ती खोलीच उपटून टाकायला सांगितले होते. मासे थंडीतच त्यांचा फडशा पाडून मोकळे झाले. उन्हाळ्यात शेवाळ माजले तेव्हा ते खाणारे कोणी नव्हते. वर माझे शेणखत. माजलेल्या शेवाळाने रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपवला आणि पहाटे मासे गुदमरले.

इतके सोपे होते. मला चीड आली ती याची, की ते समजायला फाटलेली जाळी आणि ओला चष्मा लागला.

सांजेला गवताच्या कडेने साध्या बादलीने पाणी घेऊन मी फाटक्या जाळीच्या उरलेल्या तुकड्यातून गाळले. या वेळी मिळाले. तीन बाटल्यांत जिवंत पाणपिसवा, म्हणजे इथले प्राणिप्लवक, गोल पाठीच्या, उड्या मारत चालणाऱ्या. त्यांच्या आतड्यात शेवाळाची हिरवी रेघ दिसते. उद्या सभेत भिंगाखाली तीच दाखवायची होती. बाटल्यांची तोंडे ओल्या फडक्याने बांधून मी त्या अंगणात तुळशीजवळ सावलीला ठेवल्या. जेवणात झिंग्यांची चटणी आणि अंबाडीची भाजी होती. आमच्याकडे सुके झिंगे खोबऱ्यात बुडवतात. इथे तव्यावर मिरचीबरोबर कोरडेच परतून भातावर घालतात. मी दोनदा मागून घेतली. बाईंनी दोन्ही वेळा वाढली.

शनिवार. सभा

पहाटे उठलो तर तिन्ही बाटल्या स्वच्छ धुऊन उपड्या घातल्या होत्या.

मी विचारले तेव्हा पारबताबाई चूल फुंकत होत्या. “तलावात टाकलं पानी,” त्या म्हणाल्या. “पयली ओंजर तलावाची असते. पयलं जारं काढलं का त्यातली ओंजरभर वापस देतेत. तुमी तीन बाटल्या काढल्या, अन् घरात आणून ठेवल्या. तुमाले कोनी सांगतलं नाई?”

मला कोणी सांगितले नव्हते. कोणाला विचारलेही नव्हते. तरीही आयुष्यात क्वचितच वाटला असा संताप मला आला. दहा वाजता सभा, सोमवारी यंत्र, कडे चेपलेले, जाळी फाटलेली, आणि होता नव्हता तो पुरावा एका रिवाजापायी तलावात. मी अंगणात दोन फेऱ्या घातल्या. आवाज चढवायचा म्हणून चढवला, तर तो नेहमीपेक्षा जरा स्पष्ट एवढाच निघाला: “बाई, ते दाखवल्याशिवाय मी बोलू कसा?”

त्या चुलीपुढून उठल्या.

“काय बोलनार होते?”

तेव्हा मी पहिल्यांदा सांगितले. चार पाने चुकीची होती, एका दुपारच्या ओढीवर लिहिली होती, आणि मी ती रद्द करायला आलो आहे.

“मंग दोन दिस काऊन चूप होते?”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. दोरीवरचे जुने लुगडे ओढले, घरातून दोन स्टीलच्या थाळ्या घेतल्या आणि पाळीवर चढल्या. मी मागोमाग. देवधानात गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी लुगड्याचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले. गवताच्या मुळाशी ते पाण्याखालून सरकवायचे आणि हलकेच उचलायचे. झिंगे धरण्याची त्यांची रीत हीच. पहिल्या उचलीतले त्यांनी तिथेच सोडून दिले. दुसऱ्या उचलीतले थाळीतल्या पाण्यात झटकले, आणि थाळी जिवंत झाली. भिंगाची गरज नव्हती. सारा तळ टिपक्याटिपक्यांनी उसळत होता. तीस वर्षांत इतका दाट नमुना मी काढलेला नाही. दुसरी थाळी आम्ही खालच्या तलावावर तशीच भरली. तिच्यात हिरवे पाणी होते.

समाजमंदिराच्या ओसरीत पन्नासेक माणसे जमली होती. पटलेजींनी प्लास्टिकमधली पाने उंच धरून माझी ओळख करून दिली. मी उठलो आणि म्हणालो, की ही पाने माझी आहेत आणि ती चूक आहेत.

“जोरानं बोला, आयकू नाई येत,” मागून कोणी म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो. ‘अजून जोरानं,’ असा आणखी एक आवाज आला. अपराध कबूल करण्याची मनात मी खूप तयारी केली होती. तो तीनदा, प्रत्येक वेळी आवाज वाढवून करावा लागेल याची मात्र केली नव्हती. तिसऱ्या वेळी माझा आवाज मलाच परका वाटला. “खालचा तलाव माझ्यामुळे खराब झाला. वरच्याचे गवत काढू नका.”

पटलेजींचा हात हळूहळू खाली आला.

“तो बारा साल हम क्या सँभाल के रखे, सर?”

या प्रश्नासाठी कुठलाही पुरावा उपयोगी नव्हता. मी हात जोडले. मग त्यांना थाळीजवळ बोलावून एक पाणपिसू काचेवर घेतली आणि भिंग त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक डोळा मिटला. आत ती हिरवी रेघ होती.

“हे काय आहे? नस?”

“तिने खाल्लेले शेवाळ आहे. पाणी हिरवे होते ते याने. ही ते खाते. खालच्या तलावात ही नाही.”

ते बराच वेळ पाहत राहिले. मग दुसऱ्या थाळीवर वाकले. शेवटी भिंग परत देत म्हणाले, “ते ठीक. पण गवत तुडुमात अडकते. पाणी उतरलं नाही तर माझं उन्हाळी धान वाळेल, त्याचं काय?” तुडूम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडण्याचे तोंड. त्यांची अडचण खरी होती आणि माझ्या चार पानांत तिचा उल्लेखही नव्हता.

पारबताबाई भिंतीशी बसल्या होत्या. “तुडुमाम्होरलं गवत आमी हातानं काढत होतो, दरसाल,” त्या म्हणाल्या. “तुमचं मशीन यायच्या आंधी. कोनी नाई बोलावलं त नाई आलो. बोलवा, येतो.”

तेवढ्यावर ठरले. तुडुमासमोरचे गवत हाताने निघेल. यंत्राला नको म्हणून कळवायचे. पटलेजींनी पाने माझ्यापुढे ठेवली आणि त्यावर रद्द असे लिहून सही मागितली. मी पेन टेकवले. प्लास्टिकवर ते उमटेना. दुसरे पेन आणले, तेही घसरले. अखेर एका वहीच्या पानावर अर्धे पान लिहून दिले. माझ्या हातून निघालेला हा सर्वांत छोटा अहवाल.

सभा उठता उठता सुखरामभाऊंनी विचारले, “सर, खालचा तलाव पयल्यासारखा व्हाले किती साल लागतीन?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“हे खरं बोलले,” पारबताबाई म्हणाल्या.

दोनच्या बसला वेळ होता. जिवंत थाळी घेऊन मी वरच्या तलावाकडे वळलो, तर बाईंनी हाताने खालची वाट दाखवली. “तिकडं टाका.”

मी थांबलो. तिथे लपायला काही नाही, सांज होण्याआधी उरलेसुरले मासे यांना खाऊन टाकतील, असे त्यांना सांगितले.

“मालूम हाय. गवत आखाडात लावू. चिखलाच्या गोऱ्यात मुरं दाबून, आमी बाया लावू. पर पयली ओंजर आज द्या लागते.”

खालच्या तलावात मी गुडघ्यापर्यंत उतरलो, वाकून थाळी पाण्याला टेकवली आणि कलंडली. क्षणभर काही उसळल्यासारखे वाटले. मग हिरवे पाणी मिटले. वर आलो तेव्हा त्या पाळीवर उभ्या होत्या. मी थाळी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

“घासून द्या,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा काठाशी बसलो आणि चिखल घेऊन थाळी घासली. खळबळून पाहिली. कडेला हिरवा थर होता. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा घासली. बस गेली त्याचा आवाज महामार्गावरून आला. बाई पाळीवर बसून वाट पाहत होत्या, आणि थाळीच्या कडेला ती हिरवी रेघ अजून होती.